तिसऱ्या मजल्यावर कोण आहे? 'जेन एअर' वाचून पूर्वसूचना पेरायला कसं शिकावं

थॉर्नफिल्डच्या तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं, हे शार्लट ब्राँटेने 'जेन एअर'च्या 11व्या प्रकरणात जवळजवळ सांगूनच टाकलं आहे. तरीही वाचक 26व्या प्रकरणापर्यंत जीव मुठीत धरून वाचत राहतो. मधल्या पंधरा प्रकरणांत बाईंनी काय केलं, ते उलगडून पाहण्यासाठी हा लेख आहे. भयकथा किंवा रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांना तो जास्त उपयोगी पडेल. नुसतं वाचणाऱ्यांनी आणि अभ्यासक्रमात ही कादंबरी असलेल्यांनी शेवटच्या दोन पायऱ्या सोडून दिल्या तरी चालेल.

कादंबरी 1847 सालची आहे आणि इथे तिचं गुपित उघड करण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा ज्यांना ती कोरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी थोडक्यात कथा: अनाथ जेन थॉर्नफिल्ड हॉल नावाच्या मोठ्या घरात अडेल नावाच्या मुलीची शिक्षिका म्हणून येते. घरमालक रॉचेस्टर तिच्या प्रेमात पडतो, तीही त्याच्या. लग्न लागत असताना चर्चमध्ये एक वकील उभा राहून सांगतो, की या माणसाची पहिली बायको जिवंत आहे. ती बर्था मेसन. जमैकात पंधरा वर्षांपूर्वी रॉचेस्टरशी तिचं लग्न झालं होतं, आणि आता वेडी ठरवून तिला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलेलं आहे.

पायरी 1: चार रकान्यांची वही

पहिल्यांदा वाचताना काहीही टिपू नका. दुसऱ्या वाचनाला वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा. पहिल्यात प्रकरणाचा आकडा, दुसऱ्यात जेनने काय पाहिलं किंवा ऐकलं ते, तिसऱ्यात तिला त्याचं काय स्पष्टीकरण देण्यात आलं ते, आणि चौथ्यात त्या स्पष्टीकरणात न बसणारं काय उरलं ते.

लेखनाच्या शिबिरांत पूर्वसूचना शिकवतात तेव्हा बहुतेक वेळा दुसरा रकानाच शिकवतात: इथे एक इशारा ठेवा, तिथे एक खूण सोडा. माझ्या मते ब्राँटेचं सगळं कसब तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात आहे. ती वाचकासमोर नुसता प्रश्न टाकून पळत नाही. ती लगेच उत्तर देते. उत्तर खोटं असतं, पण तीन हिस्से पटण्यासारखं असतं, आणि न पटलेला चौथा हिस्सा वाचकाच्या डोक्यात खुपत राहतो.

पायरी 2: रकाने भरा

11व्या प्रकरणापासून सुरुवात करू. घराची देखरेख करणाऱ्या मिसेस फेअरफॅक्स जेनला घर दाखवत गच्चीपर्यंत नेतात. उतरताना तिसऱ्या मजल्यावरचा बोळ लागतो. अरुंद, बुटका, अंधारा, टोकाला एकच छोटी खिडकी, दोन्ही बाजूंना काळी दारं, सगळी बंद. जेनला तो ब्लूबिअर्डच्या किल्ल्यातल्या बोळासारखा वाटतो. आता ब्लूबिअर्ड म्हणजे फ्रेंच लोककथेतला तो नवरा, जो नव्या बायकोला एक खोली उघडायची मनाई करतो, आणि त्या खोलीत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं असतात. म्हणजे बंद दारामागे आधीची बायको, हे उत्तर एका उपमेत देऊन झालं! पण उपमेकडे कोण एवढं लक्ष देतं? शिवाय पुढच्याच क्षणी हसणं ऐकू येतं, स्पष्ट आणि आनंदाचा लवलेश नसलेलं. लक्ष तिकडे जातं. मिसेस फेअरफॅक्स 'ग्रेस!' म्हणून हाक मारतात, दार उघडून एक जाडजूड, लाल केसांची, अगदी साधी दिसणारी नोकराणी बाहेर येते, आवाज कमी करण्याबद्दल आणि दिलेल्या सूचना लक्षात ठेवण्याबद्दल बोलणी खाते आणि आत जाते.

वहीत लिहा. दुसरा रकाना: हसणं. तिसरा: ग्रेस पूल. चौथा: या बाईच्या चेहऱ्यात ते हसणं बसत नाही. आणि 'सूचना' कसल्या?

15व्या प्रकरणात रात्री दोनच्या सुमारास जेनच्या दारावरून कुणाची तरी बोटं फिरतात, किल्लीच्या भोकाशी हसणं ऐकू येतं. ती बाहेर येते तर चटईवर जळती मेणबत्ती आणि रॉचेस्टरच्या खोलीतून धूर. पलंगाचे पडदे पेटलेले असतात. जेन पाणी ओतून त्याला वाचवते. तो तिला अंधारात बसवून तिसऱ्या मजल्यावर जाऊन येतो.

यानंतरचा संवाद लिहिणाऱ्याने दहादा वाचावा. रॉचेस्टर लगेच थाप मारत नाही. आधी विचारतो, दार उघडलंस तेव्हा तुला काही दिसलं का? जेन म्हणते, फक्त मेणबत्ती. मग तो विचारतो, पण हसणं ऐकलंस ना, आणि तसलं हसणं आधीही ऐकलं असशील? जेनच सांगते, हो, इथे शिवणकाम करणारी ग्रेस पूल आहे, ती तसंच हसते. आणि रॉचेस्टर म्हणतो, बरोबर ओळखलंस. खोटं उत्तर जेनने स्वतःच पुरवलं, त्याने फक्त मान डोलावली. तिला किती दिसलं ते चाचपून घेतलं आणि तेवढ्यापुरतंच खोटं बोलला. आपण स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणूस सहसा शंका घेत नाही. जेन घेत नाही, तिच्या खांद्यावरून बघणारा वाचकही घेत नाही.

चौथा रकाना मात्र दुसऱ्याच दिवशी भरतो. 16व्या प्रकरणात ग्रेस पूल त्याच खोलीत शांतपणे बसून नव्या पडद्यांना कड्या शिवते आहे. मालकाला जाळायला निघालेली बाई नोकरीवर? पोलीस नाहीत, हकालपट्टी नाही. उलट तीच जेनला विचारते, रात्री दाराला कडी लावता की नाही? जेन तर्क लढवते, की मालकाचं आणि हिचं पूर्वी काही असेल का. मग ग्रेसचा चेहरा आठवून तो तर्क स्वतःच मोडीत काढते. तिसऱ्या रकान्यात एक उत्तर आलं आणि खोडलंही गेलं.

17व्या प्रकरणातली खूण मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात भयाचा मागमूस नाही. पाहुणे येणार म्हणून घर झाडलं-पुसलं जातंय. लिआ नावाची मोलकरीण कामाला आलेल्या बाईशी पगाराबद्दल बोलते: माझा पगार ग्रेसच्या पगाराच्या एक पंचमांशही नाही. तिच्या जागी काम करणं कुणालाही जमणार नाही, एवढा पैसा दिला तरी. तेवढ्यात जेन दिसते आणि लिआ दुसरीला कोपराने ढोसते. 'हिला माहीत नाही?' अशी कुजबुज होते. शिवणकामाला पाचपट पगार कोण देतं? वाचकाला भुताबद्दल शंका असू शकते, पगाराबद्दल नसते. सगळ्या घराला काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, हे कळण्यातली टोचणी किंकाळीपेक्षा जास्त वेळ टिकते.

20व्या प्रकरणात किंकाळीही येते. वेस्ट इंडीजहून आलेला मेसन हा पाहुणा (बर्थाचा भाऊ, पण जेनला ते अजून माहीत नाही) तिसऱ्या मजल्यावर रक्तबंबाळ सापडतो. रॉचेस्टर जेनला त्याच्या उशाशी बसवतो आणि दोघांना एकमेकांशी एक शब्दही बोलायची बंदी करतो. शेजारच्या दारामागून गुरगुरणं येत असतं. डॉक्टर जखम पाहून म्हणतो, हे नुसतं सुरीचं काम नाही, इथे दात लागलेत. बाकीच्या पाहुण्यांना मात्र सांगितलं जातं, की एका नोकराणीला वाईट स्वप्न पडलं. एकाच रात्री दोन वेगवेगळ्या थापा, दोन वेगवेगळ्या श्रोत्यांसाठी. निघताना मेसन रॉचेस्टरला विनवतो, की तिला नीट सांभाळा, मायेने वागवा. ज्या नोकराणीने आपल्याला चावे घेतले तिच्यासाठी कुणी असं रडेल का?

शेवटी 25वं प्रकरण. लग्नाच्या आदल्या रात्री जेन रॉचेस्टरला सांगते, की त्याआधीच्या रात्री एक उंच, काळ्या मोकळ्या केसांची बाई खोलीत आली होती. तिने लग्नाची ओढणी डोक्यावर घेऊन आरशात पाहिलं, मग ती टरकावली आणि पायाखाली तुडवली. जेन एकेक नाव घेऊन सांगते: ती लिआ नव्हती, मिसेस फेअरफॅक्स नव्हती, ग्रेस पूलही नव्हती. पंधरा प्रकरणं पुरवून वापरलेलं उत्तर इथे जेन स्वतः फेटाळते. रॉचेस्टर पुन्हा तेच सांगतो, अर्धं स्वप्न, अर्धी ग्रेस. पण सकाळी गालिच्यावर ओढणीचे दोन तुकडे पडलेले होते. स्वप्न ओढणी फाडत नाही.

पायरी 3: खूण आणि सावली वेगळी काढा

आतापर्यंत भरलेल्या नोंदी या खुणा आहेत. त्यांनी 'कोण?' हा प्रश्न जिवंत ठेवला. आता पुन्हा मागे जाऊन दुसऱ्या रंगाच्या पेनाने सावल्या टिपा, म्हणजे ज्या प्रतिमांचा गुपिताच्या उकलीशी थेट संबंध नाही, पण ज्यांनी 'याचं पुढे काही बरं होणार नाही' ही भीती मनात बसते.

दुसऱ्या प्रकरणातली लाल खोली घ्या. दहा वर्षांच्या जेनला शिक्षा म्हणून कोंडतात, दाई आणि मोलकरीण तिला खुर्चीला बांधायला निघतात, आरशात तिला स्वतःचंच रूप भुतासारखं दिसतं, आणि शेवटी ती भीतीने बेशुद्ध पडते. 26व्या प्रकरणात रॉचेस्टर बर्थाला दोरीने खुर्चीला बांधतो. आणि 25व्या प्रकरणात ती बाई मेणबत्ती घेऊन तोंडाशी येते तेव्हा जेन म्हणते, आयुष्यात दुसऱ्यांदा, फक्त दुसऱ्यांदा, मी भीतीने शुद्ध हरपले. पहिली वेळ कुठली ते ती सांगत नाही. वाचकाने आठवायचं.

18व्या प्रकरणातला खेळही असाच. पाहुणे मूकदृश्यांतून कोडं घालतात. पहिल्या दृश्यात रॉचेस्टर आणि ब्लांश इंग्रॅम (रॉचेस्टर जिच्याशी लग्न करणार असं सगळे धरून चालतात ती पाहुणी) लग्न लावतात, मध्ये विहिरीवरचं दृश्य, शेवटी रॉचेस्टर बेड्या घालून बसलेला कैदी. उत्तर एका तुरुंगाचं नाव. लग्नापासून बेडीपर्यंतचा त्याचा सगळा भूतकाळ पाहुण्यांनी टाळ्या देत पाहिला. त्याच प्रकरणाच्या अखेरीला मेसन दारात येतो, तो योगायोग नव्हे.

चेस्टनटचं झाड तर सगळ्यांना आठवतं. 23व्या प्रकरणात त्याच्याखाली लग्नाची मागणी होते आणि त्याच रात्री वीज पडून ते दुभंगतं. इतकं ढोबळ, की आज एखाद्या नवोदिताने लिहिलं तर संपादक लाल रेघ मारील. पण ब्राँटे ते तिथे सोडून देत नाही. 25व्या प्रकरणात जेन पाहते, की झाड चिरलंय पण बुंध्यापाशी एकत्रच आहे. 37व्या प्रकरणात आंधळा, एक हात गमावलेला रॉचेस्टर स्वतःलाच त्या झाडाची उपमा देतो आणि जेन ती नाकारते. एकच प्रतिमा तीनदा आली आणि दर वेळी तिचा अर्थ सरकला. ढोबळ प्रतिमा वापरायचीच असेल तर तिला असं पुन्हा कामाला लावायची तयारी हवी.

25व्या प्रकरणात थॉर्नफिल्ड उजाड झाल्याचं स्वप्नही आहे, आणि ते 36व्या प्रकरणात अक्षरशः खरं होतं. एका प्रकरणात झाड, दोन स्वप्नं आणि ओढणी म्हणजे मला जरा गर्दीच वाटते. ओढणी एकटी पुरली असती.

पायरी 4: अंतर मोजा

वहीतल्या मोठ्या नोंदींपुढे आणखी एक गोष्ट लिहा: ती 'वरची' व्यक्ती जेनपासून किती लांब आहे? 11व्या प्रकरणात तिसऱ्या मजल्यावरच्या, बंद दारांच्या बोळात. 15व्यात जेनच्या दाराबाहेर. 20व्यात एका दाराच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. 25व्यात पलंगाशी, चेहऱ्यावर वाकलेली. साधनंही चढत जातात: आधी आवाज, मग आग, मग रक्त, मग चेहरा. वाचकाने हे कधी मोजलेलं नसतं, पण त्याला जवळ येणं जाणवतं. नुसता तोच तो आवाज पाचदा काढला असता तर सवय झाली असती.

या टप्प्यांमध्ये काय भरलंय तेही पाहा. 17 आणि 18 मध्ये पाहुण्यांची वर्दळ, ब्लांशचा तोरा, जेनचा मत्सर. 21व्यात जेन गेट्सहेडला मामीच्या मरणशय्येशी. तिथे मामीने तीन वर्षं दाबून ठेवलेलं एक पत्र तिच्या हाती येतं: मदीरातल्या काकांचं. बिनमहत्त्वाचं वाटतं. पण 24व्यात ती त्या काकांना लग्नाची बातमी कळवते, ती बातमी तिथे थांबलेल्या मेसनच्या कानावर जाते, आणि वकील चर्चमध्ये पोचतो. स्फोटाची वात जेननेच पेटवली, तीही एका साध्या घरगुती पत्राने. भयाच्या प्रसंगांमधल्या 'शांत' प्रकरणांत असं काही पुरून ठेवता आलं तर ती प्रकरणं कंटाळवाणी होत नाहीत.

मूळ आवृत्ती तीन खंडांत निघाली होती. पहिला खंड 15व्या प्रकरणाशी, आगीच्या रात्रीपाशी संपतो, आणि दुसरा 26व्याशी, गौप्यस्फोटापाशी. त्या काळी पुष्कळ वाचक वर्गणीच्या वाचनालयातून एकेक खंड घरी नेत. पहिला खंड मिटताना हातात ग्रेस पूल नावाचं खोटं उत्तर आहे आणि पुढचा खंड वाचनालयात. आजच्या मालिकावाल्यांना हे शिकवायची गरज नाही.

पायरी 5: कथक कुठे लबाडी करतो ते पकडा

जेन ही गोष्ट लग्नाला दहा वर्षं झाल्यावर सांगते आहे. म्हणजे तिला सगळं माहीत आहे. मग ती वाचकाला फसवते का? बहुतेक ठिकाणी नाही. ती त्या वेळी जे दिसलं-ऐकलं तेवढंच सांगते, थापा इतरांच्या तोंडी असतात. हा नियम पक्का लक्षात ठेवा: पात्रं खोटं बोलली तर चालतं, निवेदन बोललं तर पुन्हा वाचणारा माफ करत नाही.

एक जागा मात्र मला खटकते. 12व्या प्रकरणात जेन निवेदनातच म्हणते, की एकटी असताना मला ग्रेस पूलचं हसणं पुष्कळदा ऐकू यायचं. 'ग्रेसचं वाटणारं' असं नव्हे. हे काठावरचं आहे. लगेच ती असंही नोंदवते, की काही दिवस तिच्या आवाजांचा मला अर्थच लागत नसे, आणि मग तीच ग्रेस हातात भांडं घेऊन, अगदी निर्विकार चेहऱ्याने बाहेर येई. विसंगती तिथल्या तिथे ठेवल्यामुळे ब्राँटे निभावून नेते. तुम्ही शक्यतो ही वाट धरू नका.

आणखी एक. पंधरा प्रकरणांतल्या सगळ्या खुणा दाराच्या बाहेरून आलेल्या आहेत. आतल्या बाईला हसणं, गुरगुरणं आणि चावणं एवढंच दिलंय. तिची बाजू सांगतो तो तिला कोंडणारा. डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हिसने 1966 साली 'वाइड सारगॅसो सी' लिहून त्याच बाईला आवाज दिला, तो याच पोकळीतून. आज बंद खोलीतलं कुणी रंगवताना वाचकाच्या भीतीसाठी आपण कुणाला जनावर करतो आहोत, हे एकदा स्वतःला विचारायला हवं.

पायरी 6: आता स्वतः पेरा

उलट दिशेने सुरुवात करा. आधी गौप्यस्फोटाचा प्रसंग पूर्ण लिहा, निदान कच्चा. त्यातून कुठल्या गोष्टी बाहेर झिरपू शकतील त्यांची यादी करा: आवाज, वास, खर्च, जेवण, कुलपं, नोकरांची कुजबुज.

मग खोटं उत्तर शोधा. ते आधीपासून घरात असायला हवं आणि त्याचं तिथे असणं कामामुळे समजण्यासारखं असायला हवं. समजा तुमच्या गोष्टीत माडीवरच्या खोलीतून रात्री खुडबुड येते आणि सासूबाई म्हणतात, उंदीर फार झालेत. वर भाताच्या कणग्या आहेत, त्यामुळे उत्तर बसतं. चार पानांनी सुनेला दिसतं, की तिन्हीसांजेला सासूबाई झाकलेलं ताट घेऊन जिना चढतात. तिने काही बोलायचं नाही. तुम्हीही नाही. उंदरांना ताट कोण वाढतं, हे वाचक स्वतःच म्हणेल.

प्रत्येक खुणेनंतर कुणीतरी स्पष्टीकरण दिलंच पाहिजे, आणि निदान एक खूण हिशेबाची, पैशाची किंवा कामाच्या वाटणीची असू द्या. एक ठसठशीत वस्तूही ठेवा, ओढणीसारखी, जिच्यापुढे खोटं उत्तर टिकूच शकणार नाही. ती गौप्यस्फोटाच्या अगदी आधी, त्याहून लवकर नको. सावल्या शेवटी घाला, सगळा मसुदा झाल्यावर, आणि घातलेल्यांतल्या निम्म्या काढून टाका.

पायरी 7: परक्या वाचकावर करून बघा

मसुदा गौप्यस्फोटाच्या एक प्रकरण आधी तोडा आणि गोष्ट माहीत नसलेल्या तिघा-चौघांना द्या. 'आवडलं का?' विचारू नका. दोनच प्रश्न लिहून मागा: तुम्हाला काय वाटतं काय चाललंय, आणि कोणती गोष्ट पटली नाही?

दुसऱ्या प्रश्नाला कोरं उत्तर आलं तर तुमचं खोटं उत्तर जास्तच घट्ट बसलंय, चौथ्या रकान्यातली शिल्लक वाढवा. पहिल्याला सगळ्यांनी अचूक उत्तर दिलं तर लगेच हादरू नका. ते पुढे वाचायला मागतायत का ते बघा. ब्लूबिअर्डची उपमा पकडणारा चाणाक्ष वाचकही 11व्या प्रकरणात पुस्तक मिटत नाही, कारण तोवर त्याला जेनची काळजी लागलेली असते. जर कुणी पुढचं मागितलंच नाही, तर दोष खुणांत शोधू नका, नायिकेत शोधा. आधीची दहा प्रकरणं ब्राँटेने लाल खोली, लोवुडची शाळा आणि तिथली मैत्रीण हेलन बर्न्सचा मृत्यू यांवर उगीच खर्च केलेली नाहीत.

सगळी कादंबरी पुन्हा वाचायला सवड नसेल तर 2, 11, 15, 17, 20, 25 आणि 26 एवढी सात प्रकरणं घेऊन वही भरा, आणि 15मधला आगीनंतरचा संवाद हाताने उतरवून काढा.